रान, रस्ता आणि रबर

गळीत हंगाम सुरू झाला की कऱ्हाडच्या आसपासच्या रस्त्यांवर चाकांचं प्रदर्शन भरतं. उसाचे दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची चाकं बघावीत. त्यांच्यावरचे जाड, तिरके दात नांगरटीत माती धरण्यासाठी घडवलेले. पण हंगामभर त्यांच्या वाट्याला येतं ते फड ते कारखाना एवढं डांबर. दात मधून घासून बोथट होतात, कडेला मात्र नव्यासारखे राहतात. त्याच रस्त्याने टायरची बैलगाडी येते. लाकडी चाक आणि त्यावरची लोखंडी धाव तिने कधीच टाकली, कारण एवढा ऊस डांबरावरून न्यायचा तर बैलांच्या मानेला हवा भरलेलं रबरच सोसतं. आणि आषाढात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे गेलं की भातखाचरात अगदी दुसऱ्या टोकाचं चाक दिसतं: पॉवर टिलरला लावलेला लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा. चिखलणीला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. तेच चाक डांबरावर आणलं तर रस्ता उखडतो आणि चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात.

शेतकऱ्याचा हिशेब सरळ असतो. काम बदललं की चाक बदलायचं, आणि बदलता येत नसेल तर झीज सोसायची. पंचाईत होते ती आमच्यासारख्या मोटारसायकलवाल्यांची. आम्हाला घरून निघून हायवेने जायचं असतं, घाट उतरायचा असतो, मध्येच एखादी मुरमाची वाट धरून वाडीवर पोचायचं असतं आणि संध्याकाळी त्याच चाकांवर परत यायचं असतं. ही हौस काही आपल्याकडची नाही. 1980 साली बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस नावाची गाडी बाजारात आणली, आणि त्या दोन अक्षरांत जर्मन भाषेतलं रान आणि रस्ता अशी जोडीच बसवलेली होती. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओलने त्या गाडीवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि जड गाडीही वाळूत जाते हे जगाला पटलं. आपल्याकडे 2011 साली हीरोची इम्पल्स आली. ती फार चालली नाही. 2016 मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हीरोचीच एक्सपल्स 200, आणि 21 इंची उंच पुढचं चाक गावोगावच्या रस्त्यांवर दिसू लागलं. माझी गाडी त्या पहिल्या हिमालयनच्या कुळातली. तिचे टायर संपले आणि नवे कोणते घ्यायचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मला कळलं की मोटारसायकलचा टायर निवडणं हे आपल्या फिरण्याची झडती घेण्यासारखं आहे.

टायरच्या बाजूवर बरंच काही लिहिलेलं असतं. 90/90-21 म्हणजे रुंदी 90 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 21 इंची. पुढे 54S असं असेल तर 54 हा आकडा 212 किलो वजन पेलण्याची हमी देतो आणि S म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा वेग. आणखी एका लहान चौकटीत चार आकडे असतात: 2324 असेल तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. एक बाण असतो, चाक कोणत्या दिशेने फिरलं पाहिजे हे सांगणारा. या प्रत्येक खुणेमागे नियम आहे, चाचणी आहे. पण ज्या आकड्यावर आम्ही तासन्‌तास वाद घालतो तो यात कुठेच नसतो. पन्नास-पन्नास, ऐंशी-वीस, नव्वद-दहा: इतका रस्ता, इतकं रान. हे प्रमाण जाहिरातीत असतं, चहाच्या टपरीवर असतं. मोजून छापलेलं टायरवर नसतं. एका कंपनीचं पन्नास-पन्नास दुसरीच्या सत्तर-तीसपेक्षा गुळगुळीत निघू शकतं.

दुकानात काकांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“कुठं फिरवता गाडी?”

“सगळीकडं,” मी म्हणालो.

“सगळीकडं म्हंजी कसं सांगू टायर? शंभरातलं चिखलात किती जातं?”

मी मनातल्या मनात आकडा थोडा फुगवला आणि म्हणालो, “दहा.”

“मग नव्वदाचं बघा की. दहाचं काय एवढं!”

काकांचं गणित बिनचूक होतं, तरी ते माझ्या गळी उतरेना. किलोमीटर मोजून हा प्रश्न सुटणार असेल तर रानाच्या टायरांचा धंदाच बसायला हवा. कारण मोठाल्या दातांचे टायर घालून फिरणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नव्वद टक्के किलोमीटर डांबरावरच जातात. आणि किलोमीटरला महत्त्व नाही म्हणावं, तर मग निवड कशावर करायची? म्हणून मी आधी माझ्या पायाखालची जमीन मोजायचं ठरवलं.

‘ऑफ-रोड’ ही एक जागा नाही, हे आमच्या भागात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको. कृष्णाकाठची काळी माती घ्या. पाणी पडलं की ती फुगते आणि लोण्यासारखी सुटते. मोठ्या दातांचा टायर तिथे तारेल असं वाटतं, पण दोन-चार फेऱ्यांत दातांमधल्या फटी मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत पिंड होऊन बसतो. पुढचा मडगार्ड चाकाला लागून असेल तर मध्ये माती ठासून चाकच अडतं. रानाच्या गाड्यांना मडगार्ड वर, चोचीसारखा असतो तो याचसाठी. थोडक्यात, भिजलेल्या काळ्या रानात पन्नास-पन्नास काय आणि शंभर टक्के काय, उतरून ढकलणं कुणालाच चुकत नाही.

पाटणच्या पुढे वर चढलं की जांभ्याचे सडे लागतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर गोट्यांसारखे खडे पसरलेले असतात. इथे दात खरोखर कामाला येतात; खडे बाजूला सारून खालचा कठीण थर पकडतात. मुरमाची वाट, ओल्या गवताचा उतार, नदीपात्रातली वाळू, या सगळ्यांत दातांची बाजू भक्कम असते. पण घाटातल्या ओढ्यात उघडा पडलेला, शेवाळलेला बेसाल्टचा खडक आला की चित्र पुन्हा पालटतं. खडकात दात रुतत नाही. तिथे पकड मिळते ती जास्तीत जास्त मऊ रबर दगडाला चिकटून बसल्याने, आणि दातांचा टायर दगडाला टेकतो तो चार-दोन टोकांवर. सह्याद्रीत आम्ही ज्याला रान म्हणतो त्यातलं निम्मं तरी हे असं आहे: एक तर काळा चिखल, जो कुठल्याच टायरला जुमानत नाही, किंवा ओला खडक, जिथे रस्त्याचाच टायर बरा पडतो. दात लागतात ते उरलेल्या निम्म्यासाठी.

आता डांबर. मोठ्या फटींच्या टायरमधून पाणी चांगलं निघून जातं, मग तो पावसात वाईट कसा, असं पुष्कळांना वाटतं. मोटारसायकलचा टायर मुळातच अरुंद आणि गोल असतो. साध्या नक्षीलाही पाणी बाजूला सारणं फारसं जड जात नाही. अडचण पाण्याची नाही, दातांची आहे. जमिनीला टेकणारी जागा आधीच तळहाताएवढी, त्यात फटी वजा केल्या की रबर उरतं किती? शिवाय वळणावर गाडी कलली की एकटा उभा दात भाराखाली वाकतो, मग सुटतो, मग पुढचा वाकतो. गाडी तिरकी झाल्यावर हँडलमध्ये जो एक पोकळ, तरंगता भाव येतो तो या वाकण्याचा. ब्रेक मारताना हेच होतं. दाताची एक कड जास्त झिजते, दुसरी उंच राहते आणि काही महिन्यांत टायर करवतीसारखा होऊन घूं घूं करू लागतो. म्हणून रस्त्यावरही चालवायच्या टायरमध्ये मधले ठोकळे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे एक वाकू लागला की दुसरा त्याला धरतो, आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा ओल्या डांबराला खरवडून धरतात. मोकळे दात फक्त कडेला ठेवतात, गाडी कलेल किंवा चाक रुतेल तेव्हा टेकायला.

आमच्या भागातलं डांबरही निव्वळ डांबर नसतं. फडातून निघालेला ट्रॅक्टर त्याच्या त्या दातांमधली काळी माती रस्त्यावर सांडत जातो. वर पाचट पडतं. अशात अवकाळीची एक सर आली की हायवेकडे जाणारा तो सपाट, ओळखीचा रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पावसाळ्यात कुंभार्लीत वळणावर डांबर वर आलेले चकचकीत पट्टे असतात, ट्रकने सांडलेलं डिझेल असतं, पुलांवर लोखंडी सांधे असतात. खाली महामार्गावर काँक्रीट. जीव मुठीत धरायला लावणाऱ्या जागांची यादी केली तर त्यातल्या बहुतेक पक्क्या रस्त्यावरच निघतात.

टायर टिकाऊ हवा असं सगळेच म्हणतात, पण टायर मरतो तीन तऱ्हांनी, आणि प्रत्येक मरणावरचा उपाय वेगळा.

पहिलं मरण झिजण्याचं. ते हायवेवर येतं. मागचा टायर मधून चपटा होत जातो आणि मग घाटात गाडी कलताना त्या चपट्या भागाच्या कडेवरून अडखळत उतरते. यावरचा उपाय म्हणजे कडक रबर. 1839 साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्कं करण्याची युक्ती सापडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात कार्बनची काजळी मिसळू लागले, तेव्हापासून टायर काळा झाला आणि कित्येक पट जास्त टिकू लागला. पण कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. मऊ करावं तर झिजतं. अलीकडे सिलिका मिसळून हे भांडण बरंच मिटवलं आहे, पुरतं नाही. कोणी टायर फार म्हणजे फार टिकतो असं सांगू लागलं की मी पावसाबद्दल विचारतो.

दुसरं मरण फाटण्याचं, आणि ते झिजण्यापेक्षा फार अचानक येतं. रस्त्याच्या कामावर टाकलेली ताजी बेसाल्टची खडी सुरीसारखी असते. भरधाव चाक तिच्या धारेवर बाजूने चढलं तर नक्षी कितीही जाड असो, बाजूची भिंत चिरते. इथे उपयोग होतो तो आतल्या नायलॉनच्या थरांचा आणि एकंदर अंगाच्या जाडीचा, जे दुकानात दिसतच नाहीत. दाबून आणि वजन करून अंदाज घ्यावा लागतो. बाभळीच्या काट्याची तऱ्हा आणखी निराळी. माण-खटावकडे गेलं की हा काटा दातांमधली फटच शोधतो, कारण रबर तिथे सर्वांत पातळ असतं. उंच दातांचा दणकट दिसणारा टायर बाभळीपुढे साध्या टायरइतकाच हतबल असतो, एखादे वेळी जास्तच.

तिसरं मरण वाळण्याचं. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी आठवडाभर अंगणात उन्हात उभी आणि रविवारी थोडी फिरते. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करत जातात. यापासून वाचवायला कारखान्यात रबरात मेण घातलेलं असतं, पण ते पृष्ठभागावर येत राहतं टायर वाकत-फिरत राहिला तर. उभ्या गाडीचा टायर म्हणून लवकर तडकतो. मग पाच-सहा वर्षांनी नक्षी भरपूर शिल्लक असते, मालक खूश असतो, आणि रबरात मात्र जीव राहिलेला नसतो. क्वचित फिरणाऱ्या माणसाने कडक रबराचा, दीर्घायुषी टायर घेणं म्हणजे झिजण्याआधीच वाळणार असलेल्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड गहाण टाकणं. त्याला मऊ टायर परवडतो. हे कळल्यावर ते चार आकडे मी किमतीच्या आधी वाचू लागलो. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळतो, पण त्याच्या आयुष्यातली दोन वर्षं दुकानदाराने आधीच वापरलेली असतात.

एवढं सगळं मोजून झाल्यावर मला काकांच्या गणितातली चूक सापडली. उत्तर बरोबर होतं, रीत चुकली होती. किलोमीटर सगळे सारखे नसतात. सड्यावर ताशी पंधराच्या वेगाने घसरलो तर गुडघा सोलवटतो, आरसा तुटतो. ओल्या घाटात साठच्या वेगाने घसरलो तर समोरून ट्रक येत असतो. आणि याहून मोठा फरक वेळेचा. रानात टायर कमी पडतोय हे आधी समजतं. वेग कमी करता येतो, उतरून वाट बघून येता येतं, हवा कमी करता येते, शेवटी परत फिरता येतं. टायरची उणीव तिथे माणूस भरून काढू शकतो. डांबरावर पुढची एसटी करकचून थांबली की माणसाच्या हातात काहीच उरत नाही. जे काय करायचं ते त्या तळहाताएवढ्या रबराने. म्हणून टायर जिथे आपल्याला काही करायला अवसर नाही तिथला असावा. जिथे अवसर आहे तिथे आपण पुरे पडायला शिकावं.

हा नियम सगळ्यांना एकच टायर सांगत नाही, हेच मला त्यातलं पटतं. कोयनेच्या वरच्या वाड्यांतून रोज पहाटे दूध खाली आणणारा माणूस घ्या. दोन्ही बाजूंना कॅन, लाल मातीचा निसरडा उतार, उशीर झाला तर डेअरीची गाडी निघून जाणार. त्याला उतरून ढकलायला सवड नाही, आणि त्याचं डांबर असतं गावापुरतं, कमी वेगाचं. त्याच्या मागच्या चाकाला मोकळे दातच हवेत. तो बहुधा शंभर सीसीच्या गाडीवर, पुढे साध्या रेघांचा टायर घालून, आम्ही थबकतो त्या उतारावरून खाली जातो. हे त्याला जमतं, कारण त्या वाटेवरचा दगडन्‌दगड त्याला माहीत असतो. टायरची उणीव तो वाटेच्या ओळखीने भरून काढतो. आम्ही अनोळखी वाटेवर जातो आणि ती ओळख विकत घ्यायला बघतो.

पुढचा टायर दातांचा आणि मागचा रस्त्याचा, अशीही एक जोडी आमच्यात लोकप्रिय आहे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की संपलं. शिवाय झिजतो तो मागचा, म्हणून तो टिकाऊ. युक्तिवाद रानापुरता खरा आहे. पण ओल्या डांबरावर गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं, आणि तिथेच आपण सर्वांत कमी रबर ठेवतो. माझ्या घाटासाठी मला तो सौदा मानवला नाही.

हवेबद्दल मात्र आमच्याकडे पुरेसं बोललं जात नाही. खडीच्या वाटेवर शिरताना सात-आठ पौंड हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडावरून उसळत नाही, आणि ऐंशी-वीसचा टायर सत्तर-तीसचं काम करतो. त्याला मर्यादा आहे. ट्यूबच्या टायरची हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन भोकं पडतात. आणि डांबराला लागताना हवा परत भरावीच लागते, कारण मऊ टायर वेगात तापतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण बहुतेकजण ते टाळतात आणि त्याऐवजी आणखी दातांचा टायर शोधतात.

आणखी एक गोष्ट मला दातांपासून दूर घेऊन गेली. पावसाळ्यात हे सडे फुलतात. कासचं पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत 2012 साली गेलं, पण नाव नसलेले कितीतरी सडे त्याच जातीचे आहेत. जांभ्यावर बोट-दोन बोटं माती, तेवढ्यातच सगळं वर्षभराचं बी. रस्त्याचा टायर तिथे घसरतो म्हणून माणूस पायवाट सोडत नाही. मोठे दात त्या मातीला नांगरतात, आणि खाली खडक असल्याने ती पुन्हा लवकर साचत नाही. आपला टायर जाऊ शकतो म्हणून आपण जावं, असं नाही. टायरची थोडी कमजोरी अशा ठिकाणी आपल्याला भान देते, आणि ते भान मला विकत घेऊन घालवायचं नाही.

शेवटी मी घेतले ते काकांनी सुचवलेल्याच जातीचे: मध्ये जोडलेले ठोकळे, बारीक चिरा, कडेला माफक मोकळे दात, जाड अंग, मध्यम रबर आणि त्याच वर्षाची तारीख. आणखी दातांच्या महागड्या जोडीतून वाचलेल्या पैशांत हवा मोजायचं मीटर, पायपंप आणि एक जादा ट्यूब घेतली. काकांनी बिलावर त्या वस्तू वेगळ्या लिहिल्या. माझ्या हिशेबात त्या टायरमध्येच धरलेल्या आहेत.